तुम्ही विचारलंत म्हणून: फ्लास्क एक, मीडिया एक, मग गर्भ मोजक्याच पेशींचा का?

मी टिश्यू कल्चरमध्ये (म्हणजे रोपाच्या पेशी फ्लास्कमध्ये वाढवण्याचं) काम करते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो, नव्याने शिकायला लागलेल्यांकडून तर येतोच येतो. सगळ्या पेशी एकाच रोपाच्या, डीएनए तोच, मीडिया, म्हणजे पोषक द्रावण, तोच, शेकरवर फिरतायत पण एकत्रच, मग गर्भ मोजक्याच पेशींचा का होतो, बाकीच्या नुसत्या लांबट होऊन फुगून का बसतात? बरीच वर्षं मी घाईघाईत "ऑक्सिन" (वनस्पतीतलं वाढीचं हार्मोन) एवढंच उत्तर द्यायचे आणि ते अर्धंच आहे हे मला देतानाच माहीत असायचं. यावेळी नीट लिहिते.

आधी ते अर्धं उत्तर, कारण ते खोटं नाहीये. 1958 साली स्ट्यूअर्ड यांनी अमेरिकेत आणि राइनर्ट यांनी जर्मनीत, दोघांनी आपापलं काम करत, दाखवून दिलं की गाजराच्या साध्या पेशींपासून कल्चरमध्ये गर्भ तयार होतो. फूल नाही, पराग नाही, फलन नाही, आणि तरी आधी गोल, मग हृदयासारखा, मग टॉर्पेडोसारखा, बियातल्या गर्भाच्याच पायऱ्या चढत तो मोठा होतो. कृती आता सगळ्यांना पाठ आहे: टू-फोर-डी (कृत्रिम ऑक्सिन) घातलेल्या मीडियात पेशी वाढवायच्या, त्यांचे छोटे घट्ट पुंजके होऊ द्यायचे, मग टू-फोर-डी काढून घ्यायचं, की पुंजक्यांमधून गर्भ डोकं वर काढायला लागतात. हे इतकं खात्रीने होतं की सगळं काही हार्मोनच ठरवतो असं वाटायला लागतं.

पण टू-फोर-डी तर फ्लास्कमधल्या प्रत्येक पेशीला सारखंच मिळतं! आणि एखादी जुनी लाइन (बराच काळ वाढवत ठेवलेलं एकच कल्चर), जी सुरुवातीला भरभरून गर्भ द्यायची, ती महिनोन्‌महिने सबकल्चर केल्यावर, म्हणजे पुन्हा पुन्हा नव्या मीडियात हलवल्यावर, गर्भ देणं बंद करते, टू-फोर-डी घाला नाहीतर काढा. माझ्याकडे अशी एक लाइन होती. मी दरवेळी पेशी स्वच्छ धुऊन पूर्ण नव्या मीडियात टाकायचे, जुना मीडिया एक थेंबही ठेवायचे नाही, मला वाटायचं आपण पेशींची किती काळजी घेतोय. त्या लाइनला वय झालं होतं, त्यामुळे सगळा दोष धुण्याचा असं मी म्हणणार नाही, पण जो मीडिया मी बेसिनमध्ये ओतत होते त्यात काय होतं हे मला फार उशिरा कळलं, आणि त्याची हळहळ अजून वाटते.

त्यात साखर लावलेली प्रोटीन्स होती, म्हणजे ग्लायकोप्रोटीन्स. पेशी ती बनवते, आपल्या अंगावर मिरवते, आणि त्यातली बरीचशी बाहेर सोडूनही देते.

याचा पहिला ठोस पुरावा मला वाटतो ट्युनिकामायसिनच्या प्रयोगांमधून आला. ट्युनिकामायसिन हे औषध प्रोटीनला एका प्रकारची साखरेची साखळी जोडूच देत नाही. 1988 मध्ये सॅको द व्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेदरलँड्समध्ये गाजराच्या पेशींना हे दिलं तर गर्भ थांबले, आणि मग चांगल्या चालणाऱ्या कल्चरच्या मीडियातून काढलेली ग्लायकोप्रोटीन्स वरून घातली तर गर्भ पुन्हा सुरू झाले. म्हणजे पेशीला स्वतःला ते बनवता येत नसेल तरी चालतं, कुणीतरी बनवून बाहेरून दिलं तरी पुरतं. 1991 मध्ये तर असं दिसलं की त्या मिश्रणातलं एक पेरॉक्सिडेज एंझाइम एकटंसुद्धा हे काम करतं. ट्युनिकामायसिनमुळे पुंजक्याच्या बाहेरच्या थरातल्या पेशी फुगत होत्या आणि पेरॉक्सिडेज त्यांच्या भिंती आवळून धरत होतं. गर्भ व्हायचं तर पेशीने लहान आणि घट्ट राहायला हवं, सैल सुटलेली पेशी त्या कामाची राहत नाही.

आता खरी मंडळी, अराबिनोगॅलॅक्टन प्रोटीन्स, लॅबमध्ये नुसतं एजीपी. यांना प्रोटीन म्हणायला थोडं जड जातं कारण वजनातला जवळजवळ 90 टक्के भाग साखरच असतो, गॅलॅक्टोज आणि अराबिनोज मुख्य, मधे मधे ग्लुकुरॉनिक ॲसिड. आतला प्रोटीनचा दांडा बारीक, हायड्रॉक्सीप्रोलिन या अमिनो ॲसिडने भरलेला, आणि त्यावर साखरेच्या फांद्यांचं रान. (ही साखर हायड्रॉक्सीप्रोलिनवरून लागते, त्यामुळे ट्युनिकामायसिन तिला हात लावत नाही, म्हणजे वरची गोष्ट आणि ही गोष्ट वेगळ्या आहेत, परीक्षेत बरेच जण इथे गोंधळतात.) पुष्कळशा एजीपी पेशीपटलाला एका चरबीच्या नांगराने बांधलेल्या असतात, तो नांगर एंझाइमने कापला की एजीपी सुटून पेशीभित्तिकेत जाते, तिथून मीडियात. बांधलेली असताना पेशीची ओळख, सुटल्यावर शेजाऱ्यांसाठी निरोप, अशी दोन्ही कामं एकाच रेणूला जमण्यासारखी ही रचना आहे, आणि मला ती अतिशय सुंदर वाटते.

एजीपी बघायला यारिव्ह रिएजंट वापरतात, विटकरी लाल रंगाचं, ते एजीपीला धरून तिचा साका पाडतं. त्याचा बीटा प्रकार धरतो, अल्फा प्रकार धरत नाही, म्हणून अल्फा हा आयता कंट्रोल. चिकोरीच्या मुळांच्या कल्चरमध्ये बीटा यारिव्ह घातलं तर गर्भ होणं अडलं. रंग द्यायचं रसायन आणि काम बंद पाडायचं रसायन एकच, असा फायदा फार थोड्या रेणूंच्या बाबतीत मिळतो.

पण मला ज्याने खरं हलवलं तो 1993 चा क्रॉयगर आणि फान होल्स्ट यांचा प्रयोग. त्यांनी गाजराच्या बियांमधून एजीपी काढल्या आणि गर्भ देणं विसरलेल्या जुन्या लाइनमध्ये घातल्या, अगदी थोड्या. ती लाइन पुन्हा गर्भ द्यायला लागली! उलटंही करून पाहिलं, गर्भ न देणाऱ्या लाइनच्या एजीपी ताज्या कल्चरला दिल्या तर तीही गर्भ न देणारी झाली. म्हणजे "एजीपी असली की झालं" असं नाहीये, कुठली एजीपी हे महत्त्वाचं. पुढे त्यांनी अँटिबॉडीने (ठराविक रेणूलाच चिकटणाऱ्या प्रोटीनने) एजीपी वेगळ्या करून बघितल्या तेव्हा एका गटाने गर्भांचं प्रमाण वाढत होतं, सगळ्यांनी नाही. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी ती लाइन टाकून देऊन बराच काळ झाला होता.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे, मोजक्याच पेशी का. इथे जिम-एट नावाची अँटिबॉडी येते, इंग्लंडच्या जॉन इन्स संस्थेत बनलेली, ती काही एजीपींवरचा एक ठराविक साखरेचा तुकडा ओळखते. गाजराच्या सस्पेन्शनमध्ये (द्रवात तरंगत्या पेशींच्या कल्चरमध्ये) काही पेशींच्या भिंतीवर ही खूण दिसते, काहींच्या नाही. साहजिकच सगळ्यांना वाटलं, सापडल्या, याच गर्भ होणाऱ्या पेशी. 1997 मध्ये मकेब, पेनेल आणि सहकाऱ्यांनी अँटिबॉडीला चुंबकाने ओढले जाणारे मणी जोडून खूणवाल्या आणि बिनखुणेच्या पेशी वेगळ्या केल्या. खूणवाल्या पेशींच्या कल्चरमध्ये गर्भ झाले, बिनखुणेच्यांमध्ये नाहीत. इथपर्यंत अपेक्षेप्रमाणे. पण बारकाईने पाहिलं तर खूणवाली पेशी स्वतः गर्भ होतच नव्हती! ती विषम विभागायची, त्यातून झालेल्या एका मुलीकडे (नव्या पेशीकडे) खूण राहायची, दुसरीकडे नाही, आणि गर्भ व्हायची क्षमता त्या दुसरीकडे, बिनखुणेच्या मुलीकडे असायची. मग चुंबकाने वेगळ्या केलेल्या बिनखुणेच्या पेशी गर्भ का देत नव्हत्या? कारण त्यांना सांगणारं कुणी उरलं नव्हतं. त्यांना खूणवाल्या पेशी वाढलेला मीडिया दिला, नुसता मीडिया, पेशी नाहीत, तर त्यातल्या काहींचे गर्भ झाले.

त्याच्या आदल्याच वर्षी, 1996 मध्ये, द व्रीस यांच्या गटाने एकेका पेशीचा पाठपुरावा करून दाखवलं की जिम-एटची खूण म्हणजे गर्भ होणाऱ्या पेशीची ओळख नव्हे. दोन्ही निकाल एकत्र ठेवले की मला चित्र स्पष्ट दिसतं. ज्या फुगलेल्या, लांबट पेशींना आपण वाया गेलेल्या समजतो त्यातल्या काही जणी बाजूच्या पेशीला गर्भ होऊ देत असतात. म्हणून माझं उत्तर असं: पेशी एकटी गर्भ होत नाही, तिला तसं सांगणारा शेजार लागतो, आणि त्या शेजाऱ्याची ओळख त्याच्या अंगावरच्या साखरेत असते. सगळ्याच गर्भ झाल्या तर सांगणार कोण?

याच्या पुढचा धागा मला सगळ्यात जास्त आवडतो. गाजराचा एक म्युटंट (जनुकात बदल झालेली लाइन) आहे, टीएस-इलेव्हन, जास्त तापमानाला ठेवला की त्याचे गर्भ गोल अवस्थेतच अडकतात. 1992 मध्ये कळलं की मीडियात कायटिनेज नावाचं एंझाइम घातलं की ते सुटतात आणि पुढे वाढतात. कायटिनेज कायटिन कापतं, आणि कायटिन असतं बुरशीत, कीटकांच्या कवचात, वनस्पतीत नसतंच, मग गाजराच्या गर्भात ते कापतं तरी काय? वर्षभरात अजून एक चकित करणारी गोष्ट आली, रायझोबियम जिवाणू कडधान्यांच्या मुळांना गाठी करायला जो साखर-चरबीचा निरोप पाठवतात, तो घातला तरी ते गर्भ सुटतात. उत्तर यायला 2001 उजाडलं. फान हेंगेल आणि सहकाऱ्यांना गाजराच्या बियातल्या काही एजीपींमध्ये ग्लुकोसमाइन जातीची साखर सापडली, आणि कायटिनेज त्याच एजीपींना कापू शकतं. त्यांनी पेशींच्या भिंती उतरवून प्रोटोप्लास्ट केले तर गर्भ कमी झाले, भिंतीबरोबर एजीपी पण गेल्या होत्या ना, वरून एजीपी दिल्या तर परत वाढले, आणि आधी कायटिनेजने कापलेल्या एजीपी दिल्या तर त्याहूनही जास्त. म्हणजे एजीपी हे बंद पाकीट आणि कायटिनेज ते फोडणारं, असं मी शिकवताना सांगते.

हे सगळं गाजराचंच कौतुक आहे असं समजू नका. नॉर्वे स्प्रूस या सूचिपर्णी झाडात बियांच्या एजीपी दिल्यावर मागे पडलेले गर्भ पुढच्या अवस्थेला गेले. गव्हाच्या परागकणांपासून गर्भ करताना अंडाशय सोबत ठेवतात, आणि बाहेरून एजीपी घातल्यानेही मदत होते हे दिसलंय. ती एजीपी साध्या डिंकातली चालते, कारण अकेशियाच्या डिंकात एजीपी असतेच. कापसात, जिथे मोजक्याच जाती कल्चरमध्ये गर्भ देतात, तिथेही एजीपीचं एक प्रोटीन गर्भांचं प्रमाण वाढवतं असं 2012 मध्ये दिसलं.

यानंतर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, मग जुना मीडियाच वापरत राहायचा का? नाही, आणि हे नक्की लक्षात ठेवा. त्याच जुन्या मीडियात गर्भ अडवणारी रसायनंही साठतात. पेशींची दाटी फार झाली की गाजराचे गर्भ होत नाहीत, आणि 2000 साली त्या मीडियातून जपानमध्ये असा एक अडवणारा पदार्थ वेगळाही काढला गेला, हायड्रॉक्सीबेंझाइल अल्कोहोल, छोटासा रेणू. ग्लायकोप्रोटीन त्यापुढे प्रचंड मोठं. म्हणून पुंजके बनायच्या काळात मी दाटी ठेवते आणि सबकल्चर करताना जुन्या मीडियाचा काही भाग मुद्दाम सोबत नेते, टू-फोर-डी काढायच्या दिवशी मात्र पुंजके चाळणीतून गाळून नीट धुते आणि भरपूर नव्या मीडियात विरळ करून सोडते. आणि जुना मीडिया कामाचा वाटला तर तो आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या फिल्टरमधून काढून घ्यायचा, लहान रेणू गाळले जातात, वर जे उरतं ते नव्या फ्लास्कमध्ये घालायचं.