वरच्या रांगेत कोण?

ठाण्यात खोपटला आमचं फ्लेक्सचं दुकान आहे, मशीन वागळे इस्टेटच्या गाळ्यात. विधानसभेत कुणाची सत्ता आहे हे मला टीव्हीपेक्षा गिऱ्हाइकाच्या मॅटरवरून आधी कळतं. वाढदिवस असो, दहीहंडी असो की गटाराचं भूमिपूजन, वरच्या रांगेत कुणाचे चेहरे, कुठल्या क्रमाने आणि कुणाचं डोकं किती मोठं, यावर अर्धा तास जातो. खाली शुभेच्छुकाच्या नावात वेलांटी चुकली तर माणूस चिडतो आणि विसरतो. वरच्या रांगेत चूक झाली तर बॅनर परत येतो आणि भुर्दंड मला.

आमचे अण्णा पेंटर होते. निवडणुकीच्या दोन महिने आधीच भिंतींवर 'राखीव' लिहून यायचे. त्यांची आवडती गोष्ट १९७८ची. फेब्रुवारीत निवडणूक झाली. जनता पक्षाला ९९ जागा, दोन काँग्रेसना ६९ आणि ६२. दोन्ही काँग्रेसनी मिळून वसंतदादांचं सरकार केलं आणि जुलैत ते पडलंसुद्धा. सदतीस वर्षांचे शरद पवार जनता पक्षाला घेऊन मुख्यमंत्री झाले, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं सरकार. अण्णा म्हणायचे, "सरकार एका दुपारात पडतं रे, भिंत नाही पुसली जात." चुन्याचे दोन हात मारले तरी पहिल्या पावसात खालची अक्षरं वर यायची. एकाच भिंतीवर दोन उमेदवार वाचता यायचे.

माझं काम सोपं. कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये चेहऱ्यांची एक फाइल आहे, प्रत्येकाचा हात जोडलेला एक फोटो, हात हलवतानाचा एक, आणि करारी मुद्रेचा एक. नको तो चेहरा डिलीट करत नाही, बाजूला सरकवून ठेवतो. हे २०१४ने शिकवलं. त्या वर्षी भाजपला १२२, शिवसेनेला ६३. सेना आधी विरोधात बसली आणि १२ नोव्हेंबरला आमच्या ठाण्याचे एकनाथ शिंदे विरोधी पक्षनेते झाले. अभिनंदनाचे बॅनर आम्ही रात्रभर मारले. ५ डिसेंबरला सेना सरकारात गेली आणि तेच शिंदे मंत्री! एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, "तोच फ्लेक्स आहे, फक्त 'विरोधी पक्षनेते'वर पट्टी चिकटवून देशील का?" दिली. जवळून बघितलं तर पट्टीखालचा 'वि' दिसत होता.

२०१९ची ती सकाळ तर सगळ्यांनाच पाठ आहे. २३ नोव्हेंबर, शनिवार, फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी. मंगळवारी राजीनामे. तेवढ्यात माझ्याकडे तीन ऑर्डरी आल्या आणि तिन्ही रद्द झाल्या. सुदैवाने एकही छापली नव्हती. (शनिवारी आमचा ऑपरेटर उशिरा येतो. त्याला त्या दिवशी पहिल्यांदा ओरडलो नाही.)

पण खरी परीक्षा जून २०२२ची. २० तारखेला विधान परिषदेची निवडणूक झाली, २१ला सकाळी कळलं की शिंदे आमदार घेऊन सुरतला आहेत. आमच्या मशीनवर दहा बाय वीसचा एक बॅनर चालू होता, सहा फूट निघालं होतं. फोन आला, "दादा, थांबव." मी म्हटलं, कायमचं की चहापुरतं? तो म्हणाला, "मलाच माहीत नाही."

पुढचे नऊ दिवस कुणी ऑर्डर देईना आणि कुणी रद्दही करेना. असं मी कधी पाहिलं नव्हतं. नेहमी चार शब्द जास्त बोलणारे पदाधिकारी दुकानात यायचे, स्टुलावर बसायचे, फोन उलटा ठेवायचे. आमचा ऑपरेटर कॅल्क्युलेटरवर हिशोब करायचा: सेनेचे आमदार ५५, दोन तृतीयांश म्हणजे ३७. १९८५च्या पक्षांतरबंदी कायद्यात एक तृतीयांश फुटले तरी चालायचं, ती वाट २००३ला बंद केली. आता दोन तृतीयांश आणि तेही विलीनीकरण असेल तरच. हे सगळं तो मोबाइलवरच्या रिळांमधून शिकला होता आणि येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. पदाधिकारी ऐकून घ्यायचे, बोलायचे काही नाहीत. गुवाहाटीतला आकडा वाढला की स्टुलावरचा माणूस थोडा सरळ बसायचा, एवढंच.

२९ला रात्री उद्धव ठाकरेंनी राजीनामा दिला. ३०ला शिंदेंचा शपथविधी. ४ जुलैला सभागृहात १६४ विरुद्ध ९९. बहुमताला १४५ पुरतात. त्यानंतर दुकानात जी रांग लागली ती दिवाळीपर्यंत हटली नाही. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर धनुष्यबाण गोठवला! एकीकडे मशाल, दुसरीकडे ढाल-तलवार. कोरलमध्ये मशालीची ज्वाळा मी तीनदा काढली, पहिल्या दोन कोनातल्या आइस्क्रीमसारख्या दिसत होत्या. अण्णा हसले. १९८५ला छगन भुजबळ माझगावातून मशालीवरच निवडून आले होते, हे त्यांना पाठ. ढाल-तलवारीवर मी त्याहून जास्त वेळ घातला आणि फेब्रुवारी २०२३मध्ये धनुष्यबाण शिंदेंकडे गेल्यावर ती फाइल बाजूला सरकली. तशीच आहे अजून.

२०२४ला निकाल एकतर्फी होता, भाजप १३२, शिंदेंची सेना ५७ आणि अजित पवारांची राष्ट्रवादी ४१. विरोधात सगळ्यात मोठा पक्ष २०चा. तरी २३ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर आमचं एकच कोडं, तिघांपैकी मध्ये कोण? आम्ही तिन्ही प्रकार तयार ठेवले होते.

आणि त्या सहा फुटांचं काय झालं? तो माणूस नंतर दुसऱ्या बाजूला गेला. कुठल्या बाजूकडून कुठल्या, ते लिहीत नाही, धंदा करायचाय. मागच्या महिन्यात आला, नवा बॅनर, दहा बाय वीस, आगाऊ रक्कम रोख. मी जुनं बिल पुढे केलं. त्याने ते नीट वाचलं, घडी घातली आणि माझ्याच हातात परत दिलं.

"हे तिकडचं आहे," म्हणाला. "तिकडे माग."