‘वॉचमेन’ची परीक्षणं वाचताना: चौकटी आल्या, पान राहिलं

(ज्यांनी कॉमिक वाचलेलं नाही किंवा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी आधी दोन्ही उरकावं. खाली शेवटासकट सगळं उघड केलं आहे.)

६ मार्च २००९ ला झॅक स्नायडरचा ‘वॉचमेन’ हा सुपरहिरो कॉमिकवरचा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यावर जे लिहिलं गेलं ते आजही एकाच वाक्यात सांगितलं जातं: ‘समीक्षकांचा संमिश्र प्रतिसाद’. मला हे वाक्य चुकीचं वाटतं. संमिश्र म्हटलं की वाटतं, सगळ्यांना थोडा आवडला, थोडा नाही. प्रत्यक्षात रॉजर ईबर्टने चारपैकी चार तारे दिले आणि ‘द न्यूयॉर्कर’मध्ये अँथनी लेनने त्याच चित्रपटाची सालं काढली. ही फाटाफूट होती, आणि ती कुठून सुरू झाली हे कॉमिकचं पान समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

आधी आकड्यांचं बघू, कारण गैरसमज तिथूनच सुरू होतो. परीक्षणं गोळा करणाऱ्या दोन संकेतस्थळांपैकी रॉटन टोमॅटोजवर या चित्रपटाला ६५ टक्क्यांच्या आसपास आहेत, मेटाक्रिटिकवर ५६. ही दोन्ही एकाच परीक्षेतल्या गुणांसारखी वाचली जातात, पण दोघांची मोजणी वेगळी आहे. रॉटन टोमॅटोज प्रत्येक परीक्षणाला फक्त ‘अनुकूल’ किंवा ‘प्रतिकूल’ असा शिक्का मारतं आणि एकूण परीक्षणांत अनुकूल किती, ते टक्क्यांत सांगतं. ६० किंवा त्याहून जास्त असतील तर चित्रपट ‘फ्रेश’. मेटाक्रिटिक प्रत्येक परीक्षणाला शंभरपैकी गुण देतं, तारे नसतील तर मजकूर वाचून अंदाजाने देतं, आणि मग काही प्रकाशनांना जास्त वजन देऊन सरासरी काढतं.

एक हिशोब करून बघा. एका चित्रपटाला दहाही समीक्षकांनी दहापैकी साडेसहा दिले. सरासरी शंभरपैकी ६५, आणि सगळी परीक्षणं अनुकूल म्हणून टक्केवारी १००. दुसऱ्या चित्रपटाला सहा जणांनी साडेनऊ दिले आणि चौघांनी दोन. बेरीज ५७ अधिक ८, म्हणजे ६५. सरासरी पुन्हा ६५, पण टक्केवारी ६०. पहिला चित्रपट कुणालाच खटकला नाही, कुणाच्या मनातही राहिला नाही. दुसऱ्याने सहा जणांना जिंकलं आणि चौघांना चिडवलं. ‘वॉचमेन’ दुसऱ्या जातीचा आहे. अशा चित्रपटाच्या बाबतीत आकडा सोडून द्यावा आणि दोन्ही टोकांची एकेक परीक्षणं शोधून वाचावीत. मधली तीन ताऱ्यांची परीक्षणं इथे काहीच शिकवत नाहीत.

सिनेमास्कोर या प्रेक्षक-पाहणीत चित्रपटाला मिळालेला ‘बी’ही असाच फसवा. तो पहिल्या दिवशी चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी दिलेल्या श्रेण्यांवरून काढतात. पहिल्या दिवशी येणारा माणूस मुळातच उत्सुक असतो, त्यामुळे सुपरहिरोपटांना ‘ए’च्या घरातली श्रेणी मिळणं नेहमीचं आहे, आणि ‘बी’ म्हणजे हौशी प्रेक्षकही पुरता खूश नव्हता. गल्ल्यात तेच दिसलं. अमेरिकेत पहिल्या शनिवार-रविवारी सुमारे ५.५ कोटी डॉलर, दुसऱ्या आठवड्यात सुमारे १.८ कोटी. ही घसरण ६७ टक्क्यांच्या वर जाते. कॉमिकवरच्या चित्रपटांत चाहते पहिल्याच दिवशी गर्दी करतात म्हणून निम्म्याने घट गृहीतच धरलेली असते, पण दोन तृतीयांश म्हणजे चाहत्यांच्या पलीकडचा प्रेक्षक आलाच नाही. तिथला एकूण गल्ला साधारण १०.७५ कोटी डॉलरवर थांबला.

आता मूळ मुद्दा. प्रतिकूल परीक्षणांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येते: चित्रपट मूळ कॉमिकशी नको तितका प्रामाणिक आहे, त्यामुळे त्याचा श्वास कोंडला आहे. अनुकूल परीक्षणांत तीच गोष्ट कौतुक म्हणून येते: इतकं प्रामाणिक माध्यमांतर झालंच नव्हतं. दोन्ही बाजूंनी ‘प्रामाणिक’ हे गृहीत धरलं आहे. आणि ते गृहीतकच तपासायला हवं.

ॲलन मूर आणि चित्रकार डेव्ह गिबन्स यांचं ‘वॉचमेन’ १९८६-८७ मध्ये डीसी या प्रकाशनसंस्थेने १२ अंकांत काढलं. रंग जॉन हिगिन्सचे. त्याचा कणा म्हणजे नऊ चौकटींचं पान: तीन ओळी, ओळीत तीन चौकटी. कधी दोन-तीन चौकटी जोडून एक रुंद चौकट होते, पण खालची जाळी हलत नाही. तिचं काम घड्याळासारखं आहे. प्रत्येक चौकट सारख्याच आकाराची असल्यामुळे कुठलाही क्षण दुसऱ्यापेक्षा मोठा ठरत नाही. ठोसा आणि चहाचा कप यांना पानावर सारखीच जागा. सुपरहिरो कॉमिकमध्ये ठोसा पानभर मोठा काढायची पद्धत होती, आणि या पुस्तकाने तीच नाकारली.

स्नायडरने चौकटीतली चित्रं उचलली, कोन आणि मांडणीसकट. चौकटींचं वजन मात्र उलटं केलं. त्याचं स्लो मोशन म्हणजे एका चौकटीला पानभर जागा देणं. त्यामुळे नुसतं चित्र जुळवून पाहिलं तर चित्रपट तंतोतंत वाटतो, आणि लय मोजली तर तो मूळ पुस्तकाच्या विरुद्ध दिशेला जातो. ‘श्वास कोंडला’ म्हणणाऱ्या समीक्षकांना दुखणं बरोबर जाणवलं होतं, पण त्यांनी कारण चुकीचं लिहिलं.

पहिला खून घ्या. कॉमिकमध्ये ‘कॉमेडियन’ नावाचा मुखवटेवाला मारला जातो ते आपल्याला सलग दिसतच नाही. दोन पोलीस त्या खोलीत उभे राहून बोलत असतात आणि त्यांच्या बोलण्यामधूनमधून लालसर रंगाच्या तुटक चौकटी येतात. साठीतला एक माणूस मार खातो आणि खिडकीतून खाली जातो. बस. चित्रपटात तीच घटना सुरुवातीलाच लांबलचक मारामारी बनते. भिंती फुटतात, संगमरवर फुटतो, आणि मार खाणारा माणूसही अमानवी ताकदीचा दिसतो. इथेच पुस्तकाचा पाया निसटतो, कारण या कथेत शक्ती फक्त डॉ. मॅनहॅटनकडे आहे. बाकी सगळे मुखवटे घातलेली साधी माणसं आहेत. त्यांनी भिंती फोडल्या की मॅनहॅटनचं वेगळेपण संपतं.

हिंसेच्या बाबतीत तीन जागा शेजारीशेजारी ठेवून बघाव्यात. गल्लीतल्या टोळीशी डॅन आणि लॉरी हे दोन मुखवटेवाले लढतात तेव्हा कॉमिकमध्ये त्या चौकटी मॅनहॅटनच्या दूरचित्रवाणी मुलाखतीशी आळीपाळीने येतात आणि शेवटी दोघं धापा टाकत उभी असतात. चित्रपटात मुलाखत आहे, पण हाड कातडी फाडून बाहेर आलेलं दिसतं. तुरुंगात कोठडीचं कुलूप गाठताना ज्याचा अडथळा होतो तो माणूस कॉमिकमध्ये गळा चिरून मारला जातो, तर चित्रपटात त्याचे हात यंत्राने कापले जातात. आणि मुलीचं अपहरण करणारा नराधम: कॉमिकमधला रोर्शाक हा मुखवटेवाला त्याला बेड्या घालतो, हाताशी करवत ठेवतो, घर पेटवतो आणि बाहेर रस्त्यावर उभा राहून बघतो. चित्रपटात रोर्शाक त्या नराधमाच्या डोक्यात सुरा घालत राहतो. पहिल्यात गोठलेपण आहे, दुसऱ्यात राग. त्या प्रकरणाचं म्हणणंच हे आहे की त्या रात्री मुखवट्यामागचा वॉल्टर कोव्हॅक्स संपला आणि रोर्शाक उरला. राग दाखवला की अजून माणूस शिल्लक आहे असा अर्थ निघतो.

परीक्षण वाचताना म्हणूनच हिंसेवरचं वाक्य आधी शोधावं. ‘फार रक्तपात आहे’ एवढंच लिहिणारा समीक्षक आवड-नावड सांगतो आहे. ‘रक्तपात दाखवताना कॅमेऱ्याला मजा येते आहे’ असं लिहिणाऱ्याने दुखणं पकडलं आहे, मग त्याने कॉमिक वाचलेलं असो वा नसो.

सगळ्यात जास्त शाई शेवटावर खर्च झाली. कॉमिकमध्ये ओझिमँडियस हा माजी मुखवटेवाला न्यूयॉर्कवर एक महाकाय कृत्रिम प्राणी सोडतो, परग्रहावरून हल्ला झाल्याचा भास निर्माण करतो आणि त्या भीतीने अमेरिका-रशिया अणुयुद्ध टळतं. चित्रपटात न्यूयॉर्कसह अनेक शहरांत स्फोट होतात आणि दोष डॉ. मॅनहॅटनवर ढकलला जातो. चाहत्यांनी ‘स्क्विड (म्हणजे तो प्राणी) कुठे गेला’ म्हणून ओरड केली, तर बऱ्याच जणांना नवा शेवट जास्त घट्ट वाटला. पटकथेच्या दृष्टीने तो घट्ट आहेच, कारण बाहेरून नवा प्राणी आणावा लागत नाही. एक प्रश्न मात्र राहतो. मॅनहॅटन हे अमेरिकेचं अस्त्र म्हणूनच जगाला माहीत आहे. ते बिथरलं तर रशिया अमेरिकेशी हातमिळवणी का करेल?

तरी माझ्या मते हा वादही बाजूचा आहे. बारावा अंक उघडा. अकरा अंक जी नऊ चौकटींची जाळी कठोरपणे पाळली, ती इथे अचानक मोडते, आणि सलग सहा पानं एकेका चित्राने भरलेली येतात. त्या चित्रांत प्रेतं आहेत. वर्तमानपत्राच्या ठेल्यावरचा म्हातारा, तिथे फुकट कॉमिक वाचत बसणारा पोरगा, अशी माणसं आपण अंकामागून अंक ओळखत आलेलो असतो, आणि पान मोठं होतं ते फक्त त्यांच्या मरणासाठी. ठोशाला न दिलेली जागा इथे राखून ठेवलेली होती. चित्रपटात मात्र निळा प्रकाश येतो, माणसं विरून जातात आणि उरतो खड्डा. करवत, सुरा, हाड सगळं जवळून दाखवणारा चित्रपट नेमका या ठिकाणी नजर वळवतो. ठेल्यावरची माणसं चित्रपटगृहातल्या आवृत्तीत जेमतेम दिसतात, त्यामुळे ती गेल्याचंही काही वाटत नाही. स्क्विड असता तरी हे दुरुस्त झालं नसतं. एचबीओ वाहिनीच्या २०१९ च्या ‘वॉचमेन’ मालिकेने कॉमिकचाच शेवट इतिहास म्हणून धरला आणि पाचव्या भागाच्या सुरुवातीला तो प्रसंग दाखवताना प्रेतांचा खच दाखवला. तिथे पान नीट वाचलं गेलं होतं.

जे जमलं तेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. सुरुवातीची श्रेयनामावली, बॉब डिलनच्या गाण्यावर चाळीस-एक वर्षांचा पर्यायी इतिहास जवळजवळ स्थिर चित्रांत सांगणारी, अगदी चित्रपट न आवडलेल्यांनीही वाखाणली. तिथे स्लो मोशन चालून गेलं, कारण ती दृश्यं छायाचित्रांसारखीच रचली आहेत. जॅकी अर्ल हेलीच्या रोर्शाकबद्दल फारसं दुमत नव्हतं. आणि मंगळावरचा भाग: कॉमिकच्या चौथ्या अंकात भूत-भविष्य एकाच पानावर शेजारीशेजारी असतात, वाचकाची नजर हवी तिकडे जाते, म्हणून मॅनहॅटनला काळ कसा दिसतो ते आपल्यालाही दिसतं. पडद्यावर हे अशक्य. तिथे बिली क्रूडपचा सपाट आवाज, फिलिप ग्लासचं आवर्ती संगीत आणि संकलनातल्या उड्या यांनी काम भागवलं, आणि छान भागवलं. संपूर्ण चित्रपटात चौकटीची नक्कल सोडून चौकटीचं काम उचललेलं ठिकाण ते हेच.

बाकी तक्रारी थोडक्यात: लॉरीच्या भूमिकेतला अभिनय कच्चा वाटला, ओझिमँडियस पहिल्या दृश्यापासूनच संशयास्पद दिसला, आणि ‘हालेलुया’ या गाण्यावरचा प्रणयप्रसंग हास्यास्पद ठरला. तिन्ही रास्त.

परीक्षण कुठल्या आवृत्तीचं आहे तेही तारखेवरून ताडून घ्यावं. मार्च २००९ ची सगळी परीक्षणं १६२ मिनिटांच्या आवृत्तीवर आहेत. त्याच वर्षी १८६ मिनिटांची दिग्दर्शकाची आवृत्ती आली, तिच्यात हॉलिस मेसन या जुन्या मुखवटेवाल्याचा मृत्यू आहे. मग २१५ मिनिटांची आली, तिच्यात ठेल्यावरचा पोरगा वाचतो ती चाचेजहाजाची कथा ॲनिमेशनमधून मध्ये गुंफली आहे. ‘घाईघाईने उरकलंय’ ही तक्रार १८६ मिनिटांच्या आवृत्तीत बरीच विरते, पहिल्यांदा बघणाऱ्याने तीच घ्यावी. २१५ मिनिटांची परिपूर्ण वाटते, पण तिच्यात तोच जुना घोटाळा आहे. कॉमिकमध्ये चाच्यांच्या गोष्टीतला मजकूर ठेल्यावरच्या चौकटींवर येऊन बसतो, एकाच चौकटीत वर समुद्रावरचा माणूस बोलतो आणि खाली न्यूयॉर्कचा रस्ता दिसतो. चित्रपटात आधी रस्ता, मग समुद्र, मग पुन्हा रस्ता.