पहिलीच्या फोटोतला तो मुलगा कोण

निरोप समारंभात वर्गातर्फे वाचायला काहीतरी लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण काय तर माझं अक्षर चांगलं आहे. वाचून दाखवायचं होतं, भिंतीवर लावायचं नव्हतं, पण बाईंशी वाद कोण घालणार. मी आपलं ग्रुपवर टाकलं की प्रत्येकाने शाळेतली एक आठवण पाठवा, दोन ओळी चालतील. ४२ जणांच्या दहावीच्या वर्गातून पहिल्या दिवशी तीन रिप्लाय आले आणि त्यातले दोन स्टिकर होते.

मग रोज मागे लागल्यावर आले धडाधड. मला वाटलेलं सगळे सहल, गॅदरिंग, मॅच जिंकलो ते, असलंच लिहिणार आणि मला ते फक्त जोडून द्यायचंय. पण तसलं जवळपास काहीच आलं नाही. एकाने लिहिलं की आठवीत गणिताच्या तासाला पंखा बंद पडला आणि तेव्हा कळलं की सर मुळात किती हळू बोलतात, वर्षभर ओरडत होते ते पंख्याच्या आवाजामुळे, आणि आम्हाला वाटायचं चिडलेत. एकाने शेवटच्या बाकाबद्दल लिहिलं, ज्याचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली त्याच्या भूगोलाच्या वहीचं पान घडी घालून ठेवलेलं, ते दोन वर्षं तिथेच होतं आणि परीक्षेत नेमका त्याच पानावरचा प्रश्न आला (हे मला खरं वाटत नाही, पण असू दे). एकीने लिहिलं, सातवीत मी बाकावर डोकं ठेवून रडत होते तेव्हा पुढून कोणीतरी वळून न बघता नुसता हात मागे करून रुमाल दिला, कोण होतं ते अजून माहीत नाही. हे ग्रुपवर टाकल्यावर तीन जण म्हणाले मीच तो. तिघांपैकी एक त्या वर्षी आमच्या तुकडीतच नव्हता.

इथून खरी गंमत सुरू झाली कारण कोणाचंच कोणाशी जुळेना. नववीत अख्ख्या वर्गाला बाहेर उभं केलं होतं, ते का केलं याच्या चार वेगवेगळ्या स्टोऱ्या आल्या, आणि सगळ्यात डिटेलमध्ये सांगणारी मुलगी त्या दिवशी गैरहजर होती, हे मला पक्कं माहितीये कारण तिच्या जागेवर मी बसले होते. ती खोटं बोलत नाहीये हं. इतक्या वेळा ऐकलंय तिने की आता तिला ते दिसतं.

माझी मावसबहीण सायकॉलॉजी शिकते, तिला हे सांगितलं तर ती म्हणाली याच्यावर रीतसर अभ्यास झालेत. हॅरी बाहरिक म्हणून अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ होते. १९९६ च्या एका अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या ९९ मुलांना त्यांच्या शाळेतल्या ग्रेड आठवायला सांगितल्या आणि मग रेकॉर्ड काढून ताडून बघितल्या. ए ग्रेड ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, डी ग्रेड फक्त २९ टक्के वेळा. आणि चुका बहुतेक एकाच दिशेने, म्हणजे आठवणीतले मार्क खऱ्यापेक्षा जास्त. कॉलेजात असतानाच ही अवस्था! हे ग्रुपवर टाकलं तर आमचा एक नेहमीचा टॉपर म्हणाला माझ्या बाबतीत असं होणं शक्यच नाही. बरं.

पण मला त्यांचा आधीचा, १९७५ चा अभ्यास जास्त आवडला. त्यात शाळा पूर्ण केलेली ३९२ माणसं घेतली होती, १७ वर्षांच्या मुलांपासून ७४ च्या आजोबांपर्यंत, आणि त्यांच्या बॅचच्या इयरबुकमधले (म्हणजे शाळा सगळ्यांचे फोटो छापते त्या वार्षिक पुस्तकातले) जुने फोटो अनोळखी चेहऱ्यांमध्ये मिसळून विचारलं, यातलं तुमच्या वर्गातलं कोण. शाळा सोडून ३४-३५ वर्षं झालेले लोकसुद्धा साधारण ९० टक्के चेहरे बरोबर ओळखत होते. पण फोटो न दाखवता नुसतं विचारलं की वर्गातल्यांची नावं सांगा, तर ती मात्र वर्षांबरोबर भराभर गळत गेलेली. म्हणजे चेहरा राहतो, नाव जातं.

हे वाचल्यावर मी आमचे सगळे वर्गाचे फोटो काढून बसले, पहिलीपासून. पाचवीचा फोटोच नाही. चौथीत होतो तेव्हा मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली, जगभरात दीडशे कोटींहून जास्त मुलांची झाली, आणि आमची पाचवी आख्खी स्क्रीनवर गेली. त्या वर्षाचं आमच्याकडे आहे काय तर एकाने काढलेला स्क्रीनशॉट. त्यात चार-पाच चेहरे दिसतात, एकाचं फक्त कपाळ, आणि बाकी सगळे काळे चौकोन, पण प्रत्येक चौकोनाखाली नाव व्यवस्थित लिहिलेलं. दोन ठिकाणी आईचं नाव आहे कारण मोबाइल आईचा होता. बाकीच्या फोटोंत चेहरे आहेत आणि नावं नाहीत, आणि या एकात नावं आहेत आणि चेहरे नाहीत. खूप वेळ बघत बसले मी ते. तेव्हा किती कंटाळा यायचा, आवाज येतोय का, आवाज येतोय का, यातच अर्धा तास जायचा, आणि आठवणी मागितल्या तर ४२ जणांतल्या एकानेही त्या वर्षातलं काही पाठवलं नाही. जणू चौथीनंतर सरळ सहावी.

एक मेसेज पर्सनलवर आला होता. 'मला काही पाठवायचं नाहीये. मला इथे मजा आली नाही.' एवढंच. मी दोन दिवस काही उत्तरच दिलं नाही, कारण काय देणार. सॉरी म्हणणं मला खोटं वाटत होतं, मी पाच वर्षं त्याच वर्गात होते आणि मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. शेवटी विचारलं की हे नाव न घेता वाचू का. उत्तर आलं, वाच. बाई म्हणाल्या राहू दे ना, आनंदाचा दिवस आहे. मी वाचलं. पंखा आणि भूगोलाच्या पानाच्या मध्ये घातलं, हसण्याच्या ओघात, आणि हॉल एकदम गप्प झाला, मग कोणीतरी खोकलं आणि मी पुढचं वाचायला लागले. नंतर पाच-सहा जणांनी येऊन हळूच विचारलं, ते माझ्याबद्दल होतं का, मी काही केलं होतं का? मी म्हटलं माहीत नाही. जिने लिहिलं होतं ती मागच्या रांगेत बसलेली, माझ्याकडे बघितलं पण नाही.

तर, फोटो. पहिलीच्या फोटोत ३८ जण आहेत. मी पेन्सिलने मागे नावं लिहायला घेतली, म्हटलं ३५ वर्षांनी उपयोग होईल. ३७ झाली. मधल्या रांगेत डावीकडून तिसरा एक मुलगा आहे, त्याच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलंय आणि तो एकटाच कॅमेऱ्याकडे न बघता शेजारी कुठेतरी बघतोय. पहिलीनंतर शाळा सोडून गेला असणार. ग्रुपवर फोटो टाकला, गोल करून. सगळे म्हणाले हो हो, हा आठवतोय! एकाला तर तो पेन्सिल चावायचा हेसुद्धा आठवतंय. नाव कोणालाच येईना. बाईंना विचारलं, त्या तेव्हा इथे नव्हत्या. कोणीतरी म्हणालं 'स'वरून होतं काहीतरी, मग दिवसभर 'स'वरच्या नावांची लाइन लागली.

रात्री साडेअकराला, ज्याला अख्ख्या वर्षात ग्रुपवर एक अक्षर टाइप करताना कोणी बघितलं नव्हतं त्याचा मेसेज आला. 'स नाही, ह वरून होतं. मी त्याच्या शेजारी बसायचो. थांबा, आठवतोय.'

अजून टायपिंग दिसतंय.