मोर्तेराच: ग्लेशियर बघायला गेलो आणि दगड वाचत बसलो

स्वित्झर्लंडला जाणारी बहुतेक मंडळी युंगफ्राऊवर जाऊन बर्फात फोटो काढून येतात, आम्ही या वेळी ते मुद्दाम टाळलं आणि देशाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या एंगाडिन भागात मोर्तेराच ग्लेशियरला गेलो. बर्निना लाइनची लाल ट्रेन पाँट्रेसिना सोडून पुढे गेली की मोर्तेराच नावाचंच छोटं स्टेशन लागतं, उंची 1896 मीटर. उतरल्यावर ग्लेशियर शोधावा लागतो, कारण समोर लार्चची झाडं, धोंडे आणि नदीचा खळखळाट एवढंच. शंभरेक वर्षांपूर्वी बर्फाचं टोक इथून फार लांब नव्हतं.

स्टेशनपासून एक सोपी पायवाट वर जाते आणि वाटेत ठिकठिकाणी सालाच्या पाट्या, म्हणजे त्या साली बर्फ इथपर्यंत होता. 1878 पासून इथल्या टोकाची मोजणी चालू आहे आणि तेव्हापासून ते जवळपास 3 किलोमीटर मागे सरकलंय. मोजायची जुनी पद्धत एकदम साधी, खूण केलेल्या दगडापासून बर्फापर्यंत टेप धरायची, आता जीपीएस, ड्रोन वगैरे आले.

पाट्यांजवळ सगळे फोटो काढतात, आम्हीही काढले. पण दोन पाट्यांमधलं अंतर बघून "तेवढ्या वर्षांत एवढं गरम झालं" असा सरळ हिशोब लावू नका. एवढ्या मोठ्या ग्लेशियरचं टोक हवामान बदलल्यावर लगेच हलत नाही, परिणाम तिथपर्यंत पोचायला काही दशकं जातात, त्यामुळे आज दिसणारी माघार थोडीफार जुनी उधारी पण आहे. म्हणूनच एका ग्लेशियरवर कोणी शास्त्रज्ञ भरवसा ठेवत नाही. हान्स उर्लेमान्स या डच शास्त्रज्ञाने 2005 मध्ये जगभरातल्या 169 ग्लेशियरच्या लांबीच्या नोंदी घेतल्या, हा उशीर गणितात धरला आणि गेल्या काही शतकांचं तापमान काढलं, थर्मामीटरच्या नोंदी न वापरता. विसाव्या शतकाचा त्याचा आलेख थर्मामीटरच्या आलेखाशी बऱ्यापैकी जुळला! माझ्या मते पुरावा म्हणायचा तो याला, एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन नोंदींनी एकच गोष्ट सांगणं.

आणि 1878 च्या आधीचं काय, तेव्हा तर कोणी टेप घेऊन उभं नव्हतं. ते दगडांवर लिहिलेलं असतं. वाट सुरू होते तिथल्या जुन्या धोंड्यांवर पिवळट हिरवे, काळ्या कडांचे चट्टे दिसतात, एकदम नकाशासारखे, ते म्हणजे लायकेन, दगडाला चिकटून वाढणारी बुरशी आणि शैवाल यांची जोडी. वर्षाला एक मिलीमीटरसुद्धा वाढत नाहीत, त्यामुळे सगळ्यात मोठा चट्टा किती रुंद आहे त्यावरून तो दगड बर्फाबाहेर येऊन किती काळ झाला याचा अंदाज बांधतात. मी जाताना बघत गेलो, वर जावं तसे चट्टे लहान होत जातात आणि शेवटच्या टप्प्यात दगड कोरा करकरीत. झाडांचंही तेच, खाली चांगली उंच लार्च, वर गुडघ्याएवढी रोपं. खोडात पोकळ ड्रिल फिरवून पेन्सिलपेक्षा बारीक नमुना काढतात, त्यातल्या वर्षाला एक अशा वाढीच्या कड्या मोजून झाडाचं वय काढतात, झाड मरत नाही. फार जुने दगड असतील तर त्यातल्या क्वार्ट्झ या खनिजात साठलेलं बेरिलियम-10 (बेरिलियमचा एक किरणोत्सारी प्रकार) मोजतात, दगड उघडा पडला की अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे ते तयार व्हायला लागतं, म्हणजे जितकं जास्त तितका दगड जास्त काळ उघडा.

आत्ताच्या मोजणीसाठी बर्फात भोक पाडून काठ्या रोवतात, उन्हाळ्यात बर्फ वितळला की काठी जितकी उघडी पडेल तेवढा बर्फ गेला, बस. उर्लेमान्सच्या युट्रेख्ट विद्यापीठाने 1995 मध्ये याच ग्लेशियरच्या जिभेवर, म्हणजे खालच्या लांबट भागावर, ऑटोमॅटिक वेदर स्टेशन बसवलं होतं, ऊन किती, वारा किती, त्यातून बर्फाला उष्णता किती मिळते हे कळायला. देशभरच्या अशा मोजण्यांतून जे आलं ते वाचून गप्पच झालो, 2022 आणि 2023 या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडच्या ग्लेशियरांचा 10 टक्के बर्फ गेला.

हवेचा जुना इतिहास मात्र इथल्या बर्फात मिळत नाही, हा बर्फ वाहतो, खालून वितळतो, पाणी आत मुरतं. त्यासाठी कायम गोठलेली जागा लागते, अंटार्क्टिकासारखी. तिथल्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांतून 8 लाख वर्षांची हवा मिळालीये आणि त्या सगळ्या काळात कार्बन डायऑक्साइड साधारण 180 ते 300 पीपीएमच्या (हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे इतके रेणू) मध्येच फिरत राहिला. आज तो 420 च्या वर आहे. बुडबुडे मोजायच्या या कामात इथल्याच बर्न विद्यापीठातल्या हान्स ओश्गरच्या टीमचा मोठा वाटा.

जाणार असाल तर वेळ हातात ठेवा आणि पाट्यांच्या वाटेवरच थांबू नका, बोवाल हट या डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपडीकडे जाणारी वाट धरा. चढ आहे, पण ती बर्फाने कडेला रचून ठेवलेल्या दगडमातीच्या बांधालगत जाते आणि पूर्वी बर्फाची जाडी किती होती ते तिथून खाली बघितल्यावरच कळतं. पलीकडे पर्स ग्लेशियर दिसतो, तो आधी मोर्तेराचला येऊन मिळायचा, 2015 च्या सुमारास दोघे सुटे झाले. टोकाच्या अगदी जवळ मात्र जाऊ नका, वरून दगड सुटतात.