एक जूनचा मुलगा

"सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या पोरानं मुडदा पाडला, तरी तो तुमच्या लेखी बालकच. साहेब, हे तुम्हाला पटतं?"

परिविक्षा अधिकारी म्हणून, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या मुलांच्या घरची चौकशी करून अहवाल देणारा म्हणून, नोकरी केली, त्यामुळे हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही चुकला नाही. २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला भरधाव गाडीनं दोघांचा जीव घेतला आणि सतरा वर्षांच्या चालकाला जामिनाच्या अटीत ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. तेव्हापासून तर आमचा न्हावीसुद्धा वस्तरा हातात धरून विचारतो. आता तुम्ही विचारलंत म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पटतं. पण तुम्हाला वाटतं त्या कारणानं नाही.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या निर्भया प्रकरणानंतर २०१५चा बाल न्याय कायदा आला. अठराच्या आतल्या मुलाला विशेष गृहात ठेवायचं ते जास्तीत जास्त तीन वर्षं. मात्र सोळा पूर्ण झालेल्या मुलानं खुनासारखा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ, म्हणजे अशा मुलांची प्रकरणं चालवणारं मंडळ, आधी त्याची पारख करतं. त्याची शारीरिक-मानसिक कुवत, परिणामांची समज, गुन्हा कुठल्या परिस्थितीत झाला, हे बघायचं आणि मग त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायचा की नाही ते ठरवायचं. अशा पोराला फाशी होत नाही, पण वर्षं बरीच जाऊ शकतात. म्हणजे भांडण नुसतं अठराचं नाही, सोळाचंही आहे.

आता वय कशावरून ठरतं? पहिला मान शाळेच्या दाखल्याला. तो नसेल तर ग्रामपंचायतीचा किंवा पालिकेचा जन्मदाखला. तोही नसेल तर हाडांची तपासणी, आणि तिच्यात वर्ष-दोन वर्षं इकडेतिकडे होतातच. आणि आपल्याकडचा शाळेचा दाखला म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. गुरुजींनी पोराकडे बघितलं, दात मोजले आणि लिहिलं : एक जून. माझाही वाढदिवस एक जूनच. आई सांगायची, तू संक्रांतीचा. सरकारनं मात्र मला ३१ मे रोजी निरोप दिला, माझ्यासारख्या ढीगभर एक जूनवाल्यांबरोबर.

एका ऊसतोड कुटुंबातलं पोरगं माझ्याकडे होतं. भांडणात त्यानं आपल्याच वयाच्या एका मुलाला भोसकलं, तारीख जूनअखेरची. दाखल्याप्रमाणे सोळा पूर्ण होऊन तीन आठवडे झालेले. गृहभेटीला गेलो तर आई म्हणाली, "पोळ्याच्या तिसऱ्या दिशी झालाय साहेब. मास्तरांनी आपलं जून लिवलं." म्हणजे सोळाला अजून दोन-अडीच महिने बाकी होते. जन्म घरी झालेला, नोंद कुठेच नाही. पोळ्याचं मी अहवालात लिहिलं, पण मंडळानं दाखला धरला. कायद्यानं तेच बरोबर होतं.

मग समज तपासायची वेळ आली. घटनेनंतर त्यानं शर्ट धुऊन पत्र्यावर वाळत घातला होता. पोलिसांचं म्हणणं, बघा, पुरावा नष्ट करण्याइतकी अक्कल आहे. निरीक्षणगृहात मी त्याच्यासमोर बसलो, तर त्यानं मला विचारलं, "सर, पुरवणीचा गणिताचा पेपर बुडेल का?" दहावीला गणित राहिलं होतं त्याचं. आता यातलं कोणतं पोरगं खरं? मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. तो अहवाल मंडळातल्या एका सदस्यांना गुळमुळीत वाटला. असेलही.

खरी मेख या पारखण्यातच आहे. जखम खोल दिसली की आपण म्हणतो, एवढं क्रूर करणारा लहान कसा? मुलाचं मन बघायला बसतो आणि बघत राहतो गुन्ह्याकडेच. त्यापेक्षा अठराची ठोकळेबाज रेघ मला परवडते. ती चुकते, पण कोणाचा चेहरा बघून चुकत नाही.

दाखला बघायला उशीर झाला तर काय होतं, त्याचंही उदाहरण पुण्याचंच आहे. १९९४च्या एका हत्याकांडात सात जणांचा जीव गेला आणि १९९८मध्ये एका आरोपीला फाशी सुनावली गेली. मार्च २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थानातल्या त्याच्या शाळेची नोंद ग्राह्य धरली. गुन्ह्याच्या वेळी तो जेमतेम साडेबारा वर्षांचा होता. जास्तीत जास्त तीन वर्षांच्या जागी अठ्ठावीस वर्षं काढून तो सुटला.

हे सांगितलं की लोक गप्प होतात, पण मला त्यात जिंकल्यासारखं वाटत नाही. त्या ऊसतोडीच्या पोराच्या प्रकरणात मंडळाच्या बाहेर बाकड्यावर मेलेल्या मुलाची आई बसायची. मी फाइल घेऊन जाताना एकदा तिनं थांबवलं. तिच्या पिशवीत मुलाचा शाळेचा दाखला होता. "सारखं वयच बघताय म्हनून आनलाय," म्हणाली. तिनं तो उलगडून माझ्या हातात दिला. त्यावरही एक जूनच होता. तो मंडळापुढे ठेवायला कायद्यात जागा नव्हती. मी वाचला, घडी घातली आणि तिला परत दिला.