तुम्ही विचारलंत म्हणून: सासरी बायका किती?

पुण्याला आले की कुणी ना कुणी आवाज खाली आणून विचारतंच, "तुझ्या सासरचे मॉर्मन ना गं? म्हणजे एकेकाला चार-चार बायका?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते. मॉर्मन हा अमेरिकेतला एक ख्रिस्ती पंथ. आमच्याकडे सगळ्यांना एकेकच आहे. बहुपत्नीत्व थांबवत असल्याचं चर्चने १८९० मध्येच जाहीर केलं. पण नवऱ्याच्या खापरपणजोबांना दोन बायका होत्या, आणि आमची खापरपणजी त्यातली धाकटी.

मला मात्र तिचं सामान आठवतं.

इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या कापडगिरणीतली ती एकोणीस वर्षांची पोर. ४ मे १८५६ रोजी लिव्हरपूलहून 'थॉर्नटन' जहाजाने निघाली. अमेरिकेत आगगाडी आयोवा सिटीपर्यंतच. पुढे यूटातल्या सॉल्ट लेकला, म्हणजे मॉर्मनांच्या मुख्य गावाला, सुमारे २,००० किलोमीटर. बैलगाड्या परवडत नव्हत्या, म्हणून हातगाड्या. आपल्या भाजीवाल्याची असते तशी नव्हे. दोन चाकांची, पुढे दांडी धरून ओढायची. अंथरूण-कपडे धरून माणशी सामान १७ पौंड, म्हणजे पावणेआठ किलो. मी अमेरिकेला आले तेव्हा २३ किलोच्या दोन बॅगा होत्या, तरी कुकरवरून आईशी भांडले होते.

हातगाड्याच वेळेवर तयार नव्हत्या. निघेपर्यंत जुलैचा मध्य उलटला. गाड्यांचं लाकूड ओलं होतं. कोरड्या हवेत ते आकसलं, वाळूने आस झिजले. ऑगस्टमध्ये वाटेतल्या नेब्रास्कातल्या फ्लॉरेन्सला सभा झाली. ब्रह्मदेशात धर्मप्रचार करून परतलेला लेव्ही सॅव्हेज तिथे काकुळतीने म्हणाला, म्हातारी माणसं नि लेकरं घेऊन इतक्या उशिरा निघू नका. बहुतेकांचा कौल जाण्याच्या बाजूने पडला, आणि मग सॅव्हेजही त्यांच्यासोबत निघाला. माझ्या मते त्या तांड्यात शहाणा तो एकच. सासूबाईंना हे आवडत नाही. "त्यांची श्रद्धा होती," त्या म्हणतात. असेल.

१९ ऑक्टोबरला आजच्या वायोमिंगमध्ये बर्फ पडायला लागलं, तेव्हा पीठही संपलं होतं. सॉल्ट लेकहून मदतीच्या गाड्या पोचल्या, तरी २३ तारखेला रॉकी रिजची चढण चढावीच लागली. रॉक क्रीकला १३ जणांना एकाच खड्ड्यात पुरलं, नंतर आणखी दोघांना. खापरपणजी ९ नोव्हेंबरला सॉल्ट लेकला पोचली ती डाव्या पायाची दोन बोटं गमावून.

पुढे यूटातल्याच सॅनपीट खोऱ्यात लग्न, सवतीच्या घरात. जमीन तिथल्या मूळ रहिवाशांची, यूट लोकांची होती. १८६५ पासून तिथे त्यांच्यात नि मॉर्मन वसाहतवाल्यांत ब्लॅक हॉक युद्ध पेटलं. घरच्या गोष्टींत ते "इंडियनांचा त्रास" एवढ्यावर उरकतात, त्रास कुणाचा कुणाला हे कुणी बोलत नाही. १८७० मध्ये यूटातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला, म्हणजे ती सवतीवर नांदणारी मतदार! बहुपत्नीत्व मोडायला अमेरिकेच्या संसदेने, काँग्रेसने, १८८७ मध्ये कायदा केला, त्यात तो हक्कही गेला. तेव्हा ती पन्नाशीची होती.

पाऊस तुटपुंजा, शेती पाटाच्या पाण्यावर. प्रत्येकाची पाळी ठरलेली, आणि ती रात्री-बेरात्रीही यायची. नवरा कामासाठी परगावी असला की कंदील नि फावडं घेऊन हीच जायची.

पहिल्या मुलीला तिने सवतीचं नाव ठेवलं. मला ते काही केल्या पचेना. शेवटी सासूबाईंनाच विचारलं.

"अगं, ती रात्री पाण्यावर जायची," त्या म्हणाल्या, "तेव्हा पोरं कुणाच्या कुशीत झोपायची?"