साखरपुड्याचं कार्डिगन आणि १२८ ओळी

डिसेंबरात धुळ्याची सकाळ चांगलीच बोचरी असते. देवपुरातलं दुकान उघडून लोकरीचे गुंडे रंगाप्रमाणे लावत होते, तेवढ्यात एक मावशी आल्या. पिशवीतून मोतिया रंगाचं कार्डिगन काढून टेबलावर पसरलं आणि म्हणाल्या, "माय वं, हाई काय व्हयनं!" लेकीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होता.

विणकाम स्वच्छ होतं. टाके एकसारखे, कंबरेचा आकार व्यवस्थित, बाही मुंढ्यात नीट बसलेली. पण पुढच्या उघड्या बाजूला क्रोशाची किनार लावली होती, तिची झालर झाली होती. गळा मात्र चुण्या पडून आत ओढला गेला होता. पाच बटणं लावूनही छातीवर फट पडत होती. आणि डाव्या पुढ्याचा, म्हणजे पुढच्या डाव्या तुकड्याचा, खालचा चार इंच भाग मऊ, चकचकीत, लोंबता झाला होता. झालर बसावी म्हणून मावशींनी तिथून इस्त्री फिरवायला सुरुवात केली होती. लोकर अॅक्रिलिकची.

उसवायच्या आधी मी पट्टी लावून मोजलं. एका इंचात साडेपाच टाके, साडेसात ओळी. आठ नंबरच्या सुयांवर सुलट-उलट विणीत मध्यम जाडीच्या लोकरीचं माप बहुतेकदा असंच येतं. उघडी बाजू १७ इंच, म्हणजे १२८ ओळी. किनारीचे मुके खांब, म्हणजे क्रोशाचे आखूड टाके, मोजले, तेही १२८. प्रत्येक ओळीत एक. चूक इथेच होती.

विणलेला टाका उंचीपेक्षा रुंद असतो. मुका खांब साधारण टाक्याइतकाच रुंद, म्हणून इंचाला साडेपाच-पावणेसहा बसतात. १२८ मुक्या खांबांना जवळजवळ २३ इंच जागा लागते आणि कपडा आहे १७ इंच. उरलेले सहा इंच जाणार कुठे? लाटा होऊन बाहेर येतात. त्यामुळे उभ्या बाजूला चार ओळींमागे तीनच मुके खांब घ्यायचे: तीन ओळींत एकेक, चौथी सोडायची. टाके बंद केलेल्या आडव्या कडेला मात्र टाक्याला एक. मावशींनी उभ्या बाजूची झालर पाहून धसका घेतला आणि गळ्याला एक टाका आड घेतला. जिथे पूर्ण घ्यायचे तिथे निम्मे, म्हणून गळा आवळला.

इस्त्रीचा भाग सगळ्यात वाईट होता. लोकर मेंढीची असती तर पाण्यात भिजवून, टाचण्या लावून वाळवली की बरीच सावरली असती. अॅक्रिलिक गरम इस्त्रीखाली एकदा लोळलं की त्याचा ताण परत येत नाही. धुवा, वाळवा, काही करा. तो भाग काढणं हाच उपाय होता. मावशींनी त्याच लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, एक गुंडा जपून ठेवला होता, हे फार बरं झालं. दुसऱ्या लॉटचा मोतिया रंग उन्हात लगेच वेगळा दिसतो.

कामाला दोघी बसलो. आधी सगळी किनार उसवली आणि डाव्या बाजूची शिवण खालून पाच इंच उघडली. खराब भागाच्या वरच्या चांगल्या ओळीतले ४६ टाके सुईवर उचलले, मगच खालच्या ओळीतला एक धागा कापून भाग मोकळा केला. आधी कापलं तर टाके पळतात. मग वरून खाली विणत गेलो. मूळ विणीत जिथे टाका घटवला होता तिथे आता वाढवायचा. दोन वाढवून ४८ झाले, मग दहा नंबरच्या सुयांवर दोन इंच रिब, म्हणजे खालची उभ्या रेघांची ताणली जाणारी पट्टी. उलट दिशेने विणताना टाके अर्ध्या टाक्याने सरकतात. साध्या विणीत ते दिसत नाही, पण रिबच्या मध्येच जोडलं तर रेघा तुटलेल्या दिसतात. म्हणून रिब पूर्ण नवी केली. रिबचे टाके सैल हाताने बंद केले, नाहीतर कड आखडते.

दुपारी किनार सुरू झाली. साडेतीन मिलिमीटरची क्रोशाची सुई. दर ३२ ओळींवर रंगीत दोरा बांधला, म्हणजे प्रत्येक भागात २४ आले की नाही ते लगेच कळतं. हिशेबाने ९६ येतात. शिंपल्याच्या विणीला सहाच्या पटीत अधिक एक लागतो, म्हणून शेवटी एक वाढवून ९७ केले. सोळा शिंपले बरोबर बसतात. कोपऱ्यात एकाच घरात तीन मुके खांब, नाहीतर कोपरा आत वळतो. गळ्याची किनार आतल्या बाजूला जाते, तिकडचा घेर लहान असतो. त्यामुळे दुसऱ्या ओळीत वळणावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन टाके घटवले. नाही घटवले तर ती कॉलरसारखी उभी राहते.

आणखी एक हिशेब सुरुवातीलाच चुकला होता. बटणपट्टी एक इंचाची करायची असेल तर प्रत्येक पुढा पाठीच्या निम्म्यापेक्षा तीन टाके कमी घालावा लागतो. मावशींनी पूर्ण निम्मे घातले होते. अंगासरशा कपड्यात एक इंच सैल म्हणजे छातीवर पोकळ दिसतो. आता दोन्ही पुढे बदलणं शक्य नव्हतं, म्हणून पट्टी तीनच ओळींची, अर्ध्या इंचाची केली. ब्लाउजवरून घालायला उरलेला अर्धा इंच चालतो.

पाचच बटणं दूरदूर असल्याने मधली पट्टी सुटी राहायची. नऊ केली, एक सेंटिमीटरची. दुसऱ्या ओळीत काजासाठी दोन साखळ्या घालून दोन मुके खांब सोडले. टोकांना तीन-तीन, मधे नऊ-नऊ, एकाच ठिकाणी दहा. छातीच्या सर्वांत भरलेल्या जागी एक काज आलाच पाहिजे. त्याची खूण आधी केली आणि तो दहाचा फरक कंबरेखाली ढकलला.

शिंपले फक्त वर येणाऱ्या उजव्या बाजूला आणि गळ्याला: दोन सोडून तिसऱ्यात पाच खांब (मुक्या खांबापेक्षा उंच टाके), पुन्हा दोन सोडून एक मुका खांब. डावी पट्टी खाली दबते, तिथे शिंपले घातले तर फुगवटा येतो.

रात्री साडेनऊला शेवटचं बटण लागलं. कार्डिगन साध्या पाण्यात बुडवून टॉवेलात गुंडाळून दाबलं, पिळलं नाही. खाटेवर चादर घालून कडा हाताने सरळ केल्या आणि पंखा लावला. या दिवसांतल्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत वाळलं. आठ वाजता मावशी आल्या, तेव्हा पुढची किनार हँगरवर सरळ लोंबत होती.